फॅनखोलीतली मुलाखत

इंटरनेट कंपनीची जिरवायची कशी, हे कोणाला शिकायचं असेल त्याने सरळ माझ्याकडे यावं! मी आमच्या कंपनीची अशी जिरवली आहे की बस्स. म्हणजे, जिरवायला निघालो होतो.

झालं असं, की बायकोची मुलाखत होती. मुलं मोठी होईपर्यंत घरी राहिलेली माझी बायको पुन्हा नोकरीसाठी प्रयत्न करत होती, तीही मोठ्या ग्रंथालयात! मुलाखत व्हिडिओ कॉलवर. ती आरशासमोर उत्तरं घोकत होती आणि मी चडफडत होतो. कारण आमच्याकडे कॉल लावला की समोरचा माणूस आ वासून गोठायचा, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा!

त्या दिवशी सकाळीच कंपनीच्या वायरवाल्याला बोलावलं. त्याने माझ्या लॅपटॉपवर कंपनीचं खेळांचं अ‍ॅप उघडलं. मैदानावरचं गवतसुद्धा मोजून घ्यावं इतकं स्वच्छ चित्र!

"लाइन झकास आहे, साहेब."

"मग कॉल का अडकतो?"

"कॉलचं अ‍ॅप दुसऱ्यांचं ना! आज तर फुटबॉलची फायनल आहे. आपल्या अ‍ॅपचे सामने आधी सोडतात, बाकीचं मागून येतं."

माझं टाळकंच सरकलं! अरे, वायर एक, बिल माझं, आणि आधी काय सोडायचं हे तुम्ही ठरवणार? उद्या नळवाला म्हणेल, आमचा साबण वापरलात तरच पाणी जोरात येईल! सगळ्यांना सारखी वाट द्यायची, याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात, हे मी वायरवाल्याला तावातावाने समजावलं. तो "बरोबर आहे, साहेब" म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

तेवढ्यात त्या अ‍ॅपच्या कोपऱ्यात मला 'फॅनखोली' दिसली. मित्रांनी कॅमेरे लावून एकत्र सामना बघायची सोय. माझी ट्यूब पेटली! यांच्याच अ‍ॅपमध्ये मुलाखत घ्यायची. बघू कशी अडकते! मी लगेच मुलाखत घेणाऱ्या ग्रंथपालबाईंना बायकोच्या वतीने फॅनखोलीत यायचा निरोप धाडला.

"अहो, हे काय? इथे मॅच दिसतेय!" बायको म्हणाली.

"बारीकशी दिसतेय कोपऱ्यात. आवाज बंद केलाय. तू बोल बिनधास्त!"

ठरल्या वेळी ग्रंथपालबाई आल्या. काय चित्र, काय आवाज! त्या इतक्या हळू बोलत होत्या, की दुसऱ्या कुठल्या कॉलवर ओठ हलल्याचंही कळलं नसतं. पहिलं उत्तर बायकोने सुरेख दिलं. मी दाराआड उभा राहून स्वतःची पाठ थोपटली.

आणि गोल झाला.

भोंगा वाजला! सामन्याचा आवाज मी बंद केला होता, खोलीचा भोंगा निराळा असतो हे कोणाला माहीत? पडद्यावर कागदाचे कपटे उधळले आणि दोघींचे चेहरे आपोआप गोल करणाऱ्या संघाच्या रंगात पिवळेजर्द झाले. ग्रंथपालबाईंच्या गालांवर वाघाच्या मिश्या उमटल्या.

"हे... तुमच्याकडे नेहमी असतं का?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

बायकोने दाराकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागे सरलो. पण तिचा आवाज हलला नाही. "नाही. यजमानांनी सोय केलीय," ती म्हणाली. "मी पुढे बोलू?"

एवढ्यात तिसरा चेहरा उगवला. जाडजूड, पिवळी टोपी, खाली नाव 'पिवळा वाघ'. खोली खाजगी करायची राहिली होती! मी माउस पकडायला धावणार, तोच ग्रंथपालबाई अदबीने म्हणाल्या, "या सर! समितीतून कोणीतरी येणार असं कळलं होतं. विचारा ना काही."

वाघ गांगरला. त्याने टोपी काढली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "समजा, एखाद्याने शाळेत असताना नेलेलं पुस्तक अजून दिलंच नाही. आता द्यायला लाज वाटते. तर तुम्ही काय कराल?"

"आधी त्यांना बसायला सांगेन," बायको म्हणाली. "मग पुस्तक आवडलं का ते विचारेन. इतकी वर्षं जपलंय, म्हणजे आवडलं असणार."

वाघाचे डोळे भरून आले. "यांनाच घ्या!" तो ओरडला आणि त्याच क्षणी दुसरा गोल झाला. पुन्हा भोंगा, पुन्हा कपटे!

बायकोला नोकरी लागली! एवढ्या गोंगाटात जिचा आवाज चढत नाही ती आम्हाला हवीच, असं ग्रंथपालबाई म्हणाल्या. मला आनंदाने रडूच आलं. पण कंपनीवरचा राग तसाच होता. मी फोन लावला.

"सर, तुमच्याकडे फायनल एकदाही अडकलेली नाही," तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "तुमची नोंद समाधानी प्रेक्षक अशी आहे."

"मी सामना बघितलाच नाही! मी न्यायासाठी भांडतोय! तोडा कनेक्शन! आत्ताच्या आत्ता!"

"अहो, थांबा!" बायको आतून धावत आली. "उद्या घरून बैठकीला बसायचंय मला!"

"कुठे?"

"फॅनखोलीत. ग्रंथालयातही याच कंपनीचं नेट आहे. बाई म्हणाल्या, दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपवर चित्रच हलत नाही."

मी फोन पुन्हा कानाला लावला.

"सर, कनेक्शन तोडायचं ना?" मुलीने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "फक्त तो भोंगा कसा बंद करायचा, तेवढं सांगा."

"सॉरी सर. ती सोय नाही."