पिकअपच्या पाठीतलं दुखणं

तिसगावात गुन्हे होत नाहीत, याचं कारण पोलीस नव्हेत, मी आहे. मी मच्छिंद्र. वय सेहेचाळीस, नजर घारीची, कान हरणाचे आणि डोकं... डोक्याबद्दल गाव बोलतंच, मी स्वतः काय सांगू? माझ्या दुकानावर 'झेरॉक्स, लॅमिनेशन व गुप्त तपास' अशी पाटी आहे. गुप्त तपासाची पाटी भर चौकात लावू नये, असं बायको म्हणते. तिला या धंद्यातलं काही कळत नाही.

तर त्या दिवशी सकाळी शेजारची वृषाली दुकानात आली. नवऱ्यानं पुण्यात नोकरी धरल्यापासून घरची पंधरा वर्षांची पिकअप तीच चालवते. दूध संघाची नवी फेरी तिला मिळायची होती. पण आधी संघाचे सुपरवायझर रंभाजीराव दुपारी तीनला भरल्या कॅनसकट गाडीत बसून बघणार होते. गाडी पसंत पडली तर फेरी हिची, नाहीतर दुसऱ्याची.

"भाऊजी, गाडी मागून वाजती," ती म्हणाली. "निघताना टण्ण, ब्रेक दाबला की टण्ण. रिकामी असली की गप. वैजनाथ मिस्तरी म्हनतो डिफरन्शियल गेलं, सगळं खोलायला चार दिवस पायजेत. आन ही फेरी हुकली तर मला पुन्हा कोन इचारतंय? म्हनतील, बाईमानसाचं काम न्हाई ते."

मला लई वाईट वाटलं. मी भिंग उचललं आणि दुकानाला कुलूप लावलं. आत एक गिऱ्हाईक होतं, हे मागाहून कळलं.

तिच्या अंगणात पिकअप पाण्यानं भरलेले कॅन घेऊन उभी होती आणि मिस्तरी तिच्याभोवती पाने मांडून बसला होता. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ते डिफरन्शियल. वळणावर एक चाक जास्त पळतं, दुसरं कमी. त्यांचं भांडण तो मिटवतो. मी मागून हात घालून गोळ्याच्या तेलाच्या भोकात बोट घातलं, हुंगलं आणि ओरडलो, "भेसळ! खोबरेल तेल!"

"त्ये तुमच्या डोक्याचं हाय," मिस्तरी म्हणाला. "आत्ताच हात फिरवला तुमी. गोळ्यातलं तेल सकाळीच बघितलं म्या. लोखंडाचा कीस न्हाई, काय न्हाई."

मग मी छगनवर संशय घेतला. त्याचाही टेम्पो आहे आणि फेरीवर त्याचाही डोळा. पण तो आठ दिवसांपासून संगमनेरला लेकीकडं होता. इतका पक्का पुरावा निर्दोष माणसाकडं कशाला असेल, असं मी विचारलं. मिस्तरी पाने पुसायला लागला.

तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी भरल्यावर वाजते, रिकामी वाजत नाही, म्हणजे गुन्हेगार कॅन! सगळे कॅन उतरवले, वृषालीनं गाडी फिरवली. चिडीचूप!

"केस सुटली," मी म्हणालो.

"आन दूध काय डोक्यावर न्यायचं?" वृषाली म्हणाली. कॅन पुन्हा चढवले. टण्ण.

शेवटी मी स्वतः गाडीखाली शिरलो. गोळ्याच्या वर आडव्या पट्टीला तारेनं काळी बाहुली, बिब्बा आणि घोड्याची नाल लटकत होती. मी पडल्या पडल्या नमस्कार केला आणि बाजूनं सरकलो. नजरेची वस्तू जो सोडतो, त्याच्याच मागं नजर लागते. एवढं आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

दोन वाजले. मिस्तरीनं गोळा खोलायला पाना लावला. वृषाली ओट्यावर डोक्याला हात लावून बसली. इतक्यात तिची सासू भागिरथीबाई रानातून घासाचा भारा घेऊन आली आणि तिनं सगळं ऐकून घेतलं.

"भरल्यावर वाजती? मंग नाल लागत आसंल की."

"कोणती नाल?" मी विचारलं.

"म्याच बांधली, आमुशाला. सून गाडी चालवती म्हनून सारं गाव डोळं फाडून बघत हुतं. तार जरा लांब झाली आसंल. माल भरला की गाडी खाली बसती, मंग नाल गोळ्यावर आपटती. तुमी दोघं खाली गेल्ता ना? दिसली न्हाई व्हय?"

"दिसली," मिस्तरी म्हणाला. "पाया पडलो मी."

"मी पण," मी म्हणालो.

"धन्य हाय तुमची!"

"मावशी, म्हनत आसाल तर आख्खी गाडी खोलतो," मिस्तरी म्हणाला, "पर त्येला हात न्हाई लावनार."

मलाही एक तातडीचं काम आठवलं. भागिरथीबाईनं विळा घेतला, गाडीखाली वाकली आणि तार कापली.

"आत्याबाई, नजर तुमच्या मागं लागंल!" वृषाली घाबरून म्हणाली.

"लागू दे. चार दिवस रानात माज्या मागं फिरली तर दमून जाईल."

नाल पुढच्या बंपरला आखूड तारेनं बांधली. वृषालीनं गाडी फिरवून बघितली आणि सासूच्या गळ्यात पडून हसत-रडत सुटली.

ठीक तीनला रंभाजीराव वृषालीशेजारी बसले. मी मागं कॅनांच्या मधे बसलो, कारण संघाला तपासाचा अहवाल देणं माझं कर्तव्य होतं. करंजीच्या रस्त्याला लागताच मी केबिनच्या मागच्या जाळीला तोंड लावून सुरुवात केली: भेसळ, छगन, कॅन, पुन्हा छगन. तीन किलोमीटर दम म्हणून घेतला नाही.

"ताई, गाडी एक नंबर हाय," रंभाजीराव म्हणाले. "उद्यापासून फेरी तुमची. फकस्त मागून कायतरी लई वाजतंय, तेवढं काढून टाका."

"आत्ताच काढते," वृषाली म्हणाली.

तिनं गाडी बाजूला घेतली आणि मला आदरानं उतरवलं. मग पिकअप निघाली. एवढी शांत गाडी मी जन्मात ऐकली नव्हती.