तिसऱ्या मजल्याच्या गढीवर दोन कुलुपे पडली त्याची हकीकत

॥ श्रीउंबरठादेवी प्रसन्न ॥

सकल भाडेकरू, कर्जदार, जामीनदार आणि जिन्यात उभे राहून दुसऱ्याच्या घरची चौकशी करणारे, या सर्वांस दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मास मार्गशीर्ष. ते समयी एक इमारत-संस्थान होते. त्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर नाव कोणत्या ओळीत आले यावरून तेथील मंडळी सभा बोलावितील. संस्थानचे अध्यक्ष श्रीमंत केशरीनाथपंत ठोसर दुसऱ्या मजल्यावर राज्य करीत, आणि त्यांचे चिटणीस मोरोपंत जिन्याखालच्या खोलीत शिक्का पुढ्यात घेऊन बसत, आणि कोणी नुसता वेळ विचारावयास आला तरी अर्ज द्या म्हणत. पंतांचे बरोबर माथ्यावर, तिसऱ्या मजल्यास, एक गढी होती. गढी म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक मोरी आणि तुळशीची कुंडी मावेल इतका सज्जा. तीवर पूर्वीच्या मालकाने थोरल्या पेढीचे, म्हणजे बँकेचे, कर्ज काढिले, आणि धंदा बसला, आणि पेढीचे हप्ते राहिले, आणि संस्थानची मासिक पट्टी, जिला तेथे मेंटेनन्स म्हणत, तीही राहिली. मग संस्थानने क्रोधायमान होऊन त्याचे पाणी तोडिले. तो बिचारा आज येईल, उद्या येईल म्हणोन सारे नळ उघडे ठेवून वाट पाहता झाला, आणि पाणी काही आले नाही, आणि शेवटी बायकामुले घेऊन सासुरवाडीस निघून गेला. उपरांत पेढीने गढी जप्त केली, दारास कुलूप घालून लाखेची मोहर केली आणि लिलाव पुकारिला.

तो लिलाव सिंधूबाई नलावडे यांनी घेतला. बाईंचे पोळीभाजीचे केंद्र होते. यजमान वारल्यावर केंद्राच्या मागील बिनखिडकीच्या खोलीतच बाईंनी संसार केला, आणि एकुलत्या कन्येस, रेवतीस, तेथूनच शिकविले आणि तेथूनच बोळविले. त्या रेवतीस आता सहावा महिना लागला होता. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत, आणि बाईंनी लेकीस आणण्याचा विषय काढिला तेव्हा विहीणबाई हसतमुखाने बोलिल्या की, "आणा की. पण माहेर म्हणजे नक्की कुठं? शेगडीच्या मागं का?"  मग होते नव्हते ते मोडून, जन्माची शिल्लक ओतून, सिंधूबाईंनी ती गढी घेतली, पेढीचे देणे पुरते केले, पेढीचा दाखला पदरी बांधिला आणि हळदकुंकू, नारळ आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन गृहप्रवेशास गेल्या.

जाऊन पाहतात तो दारावर कुलुपे दोन. आतले पेढीचे, मोहरेसह, आणि त्याजवर संस्थानचे, पहिल्याहून दांडगे. बाईंनी चिटणिसांस पुसिले, तेव्हा मोरोपंत म्हणाले की मागील मालकाची पट्टी थकली आहे, ती चुकती होईतो या गढीवर संस्थानचा हक्क पहिला. मग बाई पेढीत गेल्या. तेथे वसुलीचे सुभेदार निरंजनराव शीतयंत्राखाली बसत. ते म्हणाले की कर्ज आमचे, लिलाव आमचा, सबब हक्क आमचा पहिला, पट्टीबिट्टी पेढी जाणत नाही. बाई म्हणाल्या, तर मग तुमचे कुलूप तेवढे काढा. त्याजवर सुभेदार बोलिले की आमचे आधी काढिले तर त्यांचे एकट्याचे राहील आणि ताबा त्यांचा ठरेल, त्यांनी काढिले की आम्ही काढू. मोरोपंतांचे उत्तरही हेच, फक्त उलट बाजूने. बाई तो भरलेला तांब्या घेऊन जिना उतरल्या, आणि पाणी वाटेत एका जास्वंदीस घातले.

मग युद्धास आरंभ झाला. पंतांनी सूचनाफलकावर जाहीरनामा लाविला की या गढीवर संस्थानचा हक्क प्रथम. पेढीने त्यावर आपला चिकटविला की पेढीचा हक्क सर्वप्रथम. पंतांनी वकील बोलावून तिसरा लाविला की संस्थानचा हक्क सर्वप्रथमाच्याही आधीचा. एवढे शूर पुरुष, परंतु कोणी हातात थापी घेऊन कधी एक वीट रचिली नव्हती. घराचे त्यांस इतकेच ज्ञान की ते दुसऱ्यास मिळू नये. दोन्ही पक्षांनी दाराशी एकेक पहारेकरी बसविला. पेढीचा गणपत आणि संस्थानचा इस्माईल, दोघे प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर टाकून एकमेकांवर नजर ठेवीत. ती नजर दुपारपर्यंत टिकली. मग दोघे पत्ते खेळू लागले. सिंधूबाई रोज येत, बंद दार हाताने चाचपून पाहत, आणि येताना दोघांस पोळीभाजीचा डबा आणीत, कारण उपाशी माणसाशी त्यांस बोलता येत नसे.

पौष सरत आला आणि रेवतीस सातवा सरू लागला. बाईंनी पंतांची गाठ घेतली. पंत झोपाळ्यावर बसून नव्या छताकडे पाहत होते. त्या छतास प्लास्टरची कमळे होती आणि पंतांस ती राज्याभिषेकाची वाटत. बाई म्हणाल्या, "पंत, तुमच्यात पहिलं कोण ते तुम्ही सावकाश ठरवा. मला आपलं सगळ्यात शेवटी बसवा, पण आत बसवा. लेक यायची आहे."

"बाई," पंत म्हणाले, "हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"असू दे की," बाई म्हणाल्या. "पण तत्त्वाला कुठं बाळंत व्हायचंय?"

पंतांनी झोका घेतला. बाई उठून आल्या आणि जिन्यात इस्माईलजवळ घटकाभर बसल्या. त्यास म्हणाल्या की भरंवसा दिला आहे मी लेकीला, आता कोणत्या तोंडाने सांगू की नको येऊस.  त्याने उठून आपली खुर्ची त्यांस दिली.

आता संस्थानकडून घडलेला पराक्रम ऐकावा. मामला न्यायदरबारी गेला, आणि संस्थानच्या वकिलास भय पडिले की दरबार पुसेल, पट्टी कसली मागता, सेवा काय दिली? पाणी तर तुम्हीच तोडिले होते. मग मोरोपंतांनी अक्कल लढविली. तारखेच्या दिवशी सकाळी ते गच्चीवर गेले, गढीच्या नळीची चावी फिरवून पाणी सोडिले, की आता सांगता येईल, पाणी चालू आहे. आणि गच्चीस कुलूप लावून, त्याची किल्ली कमरेस खोवून, दरबारास निघून गेले. आतले सारे नळ उघडेच आहेत याचे स्मरण त्यांस राहिले नाही. मोरीच्या तोंडाशी जुने गोणपाट पडलेले होते.

दुपारी पंतांकडे पहिल्या हक्कासंबंधी मसलत बसली होती आणि शिऱ्याच्या बशा फिरत होत्या, तो वरून एक थेंब पंतांच्या टकलावर पडला. पंतांनी तो पुसिला. मग दुसरा, मग धार, आणि मग छताचे एक कमळ देठापासून सुटून शिऱ्याच्या पातेल्यात पडिले. पंत बनियनवरच जिना चढोन गेले आणि दार उघडा म्हणोन फर्माविते झाले. गणपत नम्रपणे बोलिला की मोहर मोडण्यास थोरल्या पेढीचा लेखी हुकूम लागतो. इस्माईल त्याहून नम्रपणे बोलिला की संस्थानचे कुलूप काढण्यास सभेचा ठराव लागतो, साहेब, तशी आज्ञा आपल्याच सहीची आहे. पंत गच्चीकडे धावले, तो गच्चीस कुलूप. मोरोपंत संध्याकाळी परतले, तोवर कमळांचे तळे जाहले होते.

दुसरे दिवशी निरंजनराव सुभेदार आले. पंतांनी छताची भरपाई मागितली. संस्थानचा कायदा असा की वरच्या घरातून गळती झाली तर वरचा धनी ती निस्तरील. आणि धनी कोण, तर ज्याचा हक्क पहिला तो, आणि पहिला हक्क संस्थानचा असे पंतच फलकावर लिहून चुकले होते. सुभेदार हात जोडून म्हणाले की पंत, पुरता विचार केला, आपले म्हणणे रास्त आहे, पहिला हक्क संस्थानचाच. पंत म्हणाले, छे, पेढीसारख्या थोरांपुढे आम्ही कोण, आपण पहिले. सुभेदार म्हणाले की आपले कुलूप वर आहे. पंत म्हणाले, आपली मोहर जुनी आहे. ज्यांनी पहिलेपणासाठी दोन महिने वकील पोसिले ते आता दुसरेपणासाठी एकमेकांच्या पाया पडू लागले, आणि फलकावरचे सारे जाहीरनामे कोणी काढिले ते कळले नाही.

इतक्यात सिंधूबाई डबे घेऊन जिना चढल्या. दोघांची नजर एकाच वेळी त्यांजकडे गेली.

"धनीण तर ह्या आहेत," निरंजनराव बोलिले. "लिलाव झाला त्या दिवसापासून."

"निःसंशय," पंत बोलिले. इतक्या दिवसांत दोघांचे एकमत झाले ते हे पहिले.

बाईंनी डबे खाली ठेविले. "मी धनीण?"

"तुम्हीच."

"मग धनिणीच्या दाराला तुमची कुलपं कशाला?"

दोघे एकमेकांच्या कुलपाकडे बोट दाखवू लागले. बाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या की छत मी करून देते, पाणी कोणी सोडलं ते मी विचारत नाही. पण आधी कुलपं निघू देत, आणि मागच्या पट्टीशी माझा संबंध नाही, ती तुम्ही दोघं आपसांत बघा, एवढं दोघांनी लिहून द्या. छत गळ्यात पडेल या भयाने दोघांनी तेथेच, जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून, लिहून दिले. ज्या मोहरेस थोरला हुकूम लागत होता ती गणपतने नखाने काढिली. ठराव कोणी मागितला नाही.

मग बाईंनी पदर खोचून आतले घोटाभर पाणी उपसले, दोन्ही पहारेकऱ्यांनी बादल्या ओतल्या, आणि बाईंच्या दिराने, जो गवंडी होता, पंतांचे छत साधे सपाट करून दिले. पंत कष्टी झाले. पंतीणबाई मात्र म्हणाल्या की बरं झालं, कमळांवरची धूळ मीच पुसत होते.

माघ अखेर रेवती आली. बाईंनी उंबऱ्यात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकिला, पायांवर पाणी घातले आणि आत घेऊन खिडकीजवळ निजविले. घटका गेली नाही तो मोरोपंत आपल्या सभेच्या आवाजात दारातूनच गर्जते झाले की नवीन धनिणीची चालू महिन्याची पट्टी देय आहे. बाई ओठांवर बोट ठेवून बाहेर आल्या.

"देते हो. हळू बोला जरा, पोरीचा आत्ताच डोळा लागलाय."

मोरोपंतांनी आत डोकावून पाहिले, आणि जन्मात प्रथमच चपला हातात घेऊन जिना उतरले.

सारांश इतकाच. फाल्गुनात रेवतीस कन्या झाली आणि त्या गढीत आली. पेढी आणि संस्थान मागील पट्टीपायी अद्याप दरबारी तारखा घेत आहेत; पहिले कोण त्याचा निकाल नाही. गढीत तो केव्हाच लागला आहे: दूध, न्हाण, झोप आणि खिडकीचे ऊन, सर्व आधी त्या पोरीचे, मग इतरांचे. याविरुद्ध अद्याप कोणी अर्ज केला नाही. लेखनसीमा.