इंजिनातलं लोणी

तूप कढवण्यात आपला हात धरील अशी बाई अख्ख्या जबलपुरात नाही, असं अनसूयाबाईंचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी कुणाला विचारून बनवलेलं नव्हतं. शाळा त्यांनी तिसरीतच सोडली होती. शाळेजवळ आपल्याला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं त्या सांगत. लोणी कढत असलं की पलीकडच्या खोलीतून नुसत्या आवाजावर त्या हुकूम सोडत, "अजून तडतडून राहिलं. पाणी आहे त्यात. उतरवू नको." आणि सून प्रणोती उतरवत नसे.

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे गाडी. मुरलीधरपंत चौतीस वर्षं फॅक्टरीत सायकलवर गेले आणि रिटायर झाल्यावर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, मोटार चालवायला शिकले. कारण अनसूयाबाईंनी तसं ठरवलं होतं. गाडी पांढरी आणि लहानशी होती, पण दारात अशा बेताने उभी केलेली असे, की शेजारच्या नर्मदाबाईंना खिडकीतून दुसरं काही दिसूच नये.

रोज सकाळी साडेसातला गाडीवरचं कव्हर निघे. अनसूयाबाई मागच्या सीटवर मधोमध बसत. पंत त्यांना गणपतीच्या देवळात नेऊन आणत. परत आलं की गाडी पुसायची आणि कव्हर चढवायचं. मुलगा सुशांत कधी म्हणालाच, "आई, आज भेडाघाटला जाऊन येऊ," तर उत्तर ठरलेलं असे, "गाडी काय फिरवायला घेतली का? जपली तर टिकते."

जानेवारीतल्या एका शनिवारी सुशांत काच धुवायचं पाणी भरायला बॉनेट उघडून उभा राहिला. हात शिवशिवले म्हणून त्याने इंजिन ऑईलचं झाकणही फिरवून काढलं.

"आई, इकडे ये. हे पाहा काय आहे."

झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर पांढरा, चिकट थर बसला होता. अनसूयाबाईंनी तो बोटावर घेतला, बोटांत चोळला, नाकाशी नेला. वास तेलाचा होता, पण रूप थेट लोण्याचं.

"काहून रे, इंजिनात लोणी कोणी टाकलं?"

तपास तिथल्या तिथे सुरू झाला. पहिले सापडले ते मुरलीधरपंत.

"गेल्या नर्मदा जयंतीला मी थोडं नर्मदाजल शिंपडलं होतं," ते म्हणाले. "पण बॉनेट लावलेलं होतं. वरून."

"तुम्हाला गाडी कुठं घुसते ते समजत नाही, पाणी कुठं घुसलं ते काय समजणार."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्रणोती हात पुसत आली. गाडीचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. 'लोणी कोणी टाकलं' एवढं मात्र तिने स्पष्ट ऐकलं होतं, आणि तिचा चेहरा पडला होता.

"आई, मी सांगणारच होते. दिवाळीत साय खराब झाली होती, म्हणून लोणी टाकून द्यावं लागलं. तुमच्या बरणीत मग मी दुकानातलं तूप भरलं."

त्याच बरणीतलं तूप अनसूयाबाईंनी नर्मदाबाईंच्या पुरणपोळीवर ओतलं होतं आणि वर सांगितलं होतं, "हा हाताचा गुण आहे, हा बाजारात मिळत नाही."

"ते नंतर पाहू," अनसूयाबाई म्हणाल्या. त्या 'नंतर'ने प्रणोतीची रात्रीची झोप उडवली.

सुशांत तोवर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. तीन व्हिडिओ पाहून तो इंजिनिअर होऊनच उठला. "गॅस्केट गेलं. इंजिन थंड ठेवायचं पाणी तेलात मिसळून राहिलं. इंजिन पूरं उघडावं लागते म्हणतात. त्यापेक्षा विकून टाकू. ऑफिसातले एक जण मागेच लागले आहेत, उद्या अकराला येतील पाहायला."

अनसूयाबाईंना दिसलं ते एवढंच, की आपण हातात फुलांची परडी घेऊन पायी चाललो आहोत आणि नर्मदाबाई खिडकीतून विचारताहेत, "काहून हो, गाडी कुठं गेली?" या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा त्यांनी इंजिन स्वतः उघडलं असतं.

"उद्या आधी मिस्त्री येईल," त्या म्हणाल्या. "मग तुझे ते."

रविवारी दहाला रिछाईहून मिस्त्री जगन्नाथ आला. त्याने झाकण पाहिलं आणि मान हलवली. "पानी तो है अम्मा. कहाँ से आया, ये देखना पड़ेगा. गॅस्केट भी हो सकता है."

"बघ, मी म्हटलं होतं," सुशांत म्हणाला.

"तो 'देखना पड़ेगा' म्हणाला, म्हणजे त्यालाही माहीत नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "प्रणोती, तवा ठेव."

"भाकरीचा?"

"मग काय डोशाचा?"

तवा लाल होत आला तशी अनसूयाबाईंनी झाकणातला तो गोळा चमच्याने घेतला आणि वरून टाकला. फोडणीत ओली मिरची पडावी तसा तो उडाला. तडतडला, नाचला, ओट्यावर आणि सुशांतच्या पांढऱ्या शर्टावर शिंतोडे उडवून मगच शांत झाला. घरभर काळा धूर झाला. पंत खिडक्या उघडत धावले, आणि पहिल्याच खिडकीपलीकडे नर्मदाबाई होत्या.

"अनसूयाबाई, काय करपलं हो?"

"काही नाही. गाडीचं तूप कढवून राहिले."

मग पदर खोचून त्या जगन्नाथकडे वळल्या. "सुनो भैया. मक्खन को रोज दो मिनट चढ़ाया और उतार दिया, तो पानी जाएगा कैसे? वहीं का वहीं रहेगा. हे पाणी कुठून आलं नाही, आतलंच आहे. या इंजिनाला कोणी कढूच दिलं नाही."

जगन्नाथ पुन्हा गाडीकडे गेला. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाटली त्याने पाहिली, ती खुणेपर्यंत भरलेली होती. तेलात बुडवायची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवून काढली. पट्टीवर तेल काळंच होतं, पांढरं काही नाही.

"अम्मा एकदम सही कह रही हैं. गॅस्केट ठीक है. ठंड का मौसम, इंजन गरम होता नहीं, भीतर की भाप पानी बनके ढक्कन पे जम जाती है." त्याने हात जोडले. "चलती कितना है ये?"

"रोज," अनसूयाबाई ताठ होऊन म्हणाल्या. "एक दिन का नागा नहीं."

"कहाँ तक?"

"गणपती मंदिर."

"कितना दूर पड़ता है?"

अनसूयाबाई बॉनेटवरची धूळ झटकू लागल्या. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोच्या आधी न बोललेल्या मुरलीधरपंतांनी हळूच बोट वर केलं. कडुलिंबाच्या पलीकडे, चौथ्या घरामागे, भगवा झेंडा फडफडत होता. आरतीची घंटाही स्वच्छ ऐकू येत होती.

"वो रहा," पंत म्हणाले. "जाण्यापेक्षा वळवायला जास्त वेळ लागतो."

जगन्नाथने झेंड्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि मग अनसूयाबाई सोडून सगळ्यांकडे पाहिलं. सगळे अनसूयाबाईंकडे पाहत होते.

"त्या अकरावाल्यांना नको म्हणून सांग," त्या सुशांतला म्हणाल्या. "अन् शर्ट भिजत घाल. डाग बसतील."

तेल बदललं गेलं. इंजिन नीट कढावं म्हणून आता एका रविवारी गाडी लांब मझौलीला जाते, एका रविवारी कुंडमला. पंतांना या वयात चौथा गिअर पाहायला मिळाला, तेव्हापासून ते गाणं गुणगुणतात. महिन्याभराने अनसूयाबाईंनी पट्टीवरचा थेंब पुन्हा तव्यावर टाकला. आवाज नाही, काही नाही.

"पाहा, शहाण्या सुनेसारखा गप्प पडला."

"दुकानातला असेल, आई," प्रणोती म्हणाली, आणि ते 'नंतर'सुद्धा त्या दिवशी हसण्यावारी गेलं.

देवळात अनसूयाबाई आता पायीच जातात. पहिल्याच दिवशी खिडकीतून प्रश्न आला, "काहून हो, गाडी बिघडली का?"

"नाही बापा. तिला आता जवळचं मानवत नाही."

पायी गेलं तर गाडीपेक्षा लवकर पोचता येतं, हे मात्र त्यांनी घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.