अप्पांची गाडी, वरून पडलेली कुंडी आणि सर्व्हेअर

"विम्याचे पैसे काढणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" अप्पांनी जाहीर केलं. अप्पांचं चष्म्यांचं दुकान होतं. 'ही फ्रेम तुमच्यासाठीच बनलीय' असं वाटेल त्या नाकाला पटवून देणाऱ्या माणसापुढे विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणजे किस झाड की पत्ती!

झालं होतं असं, की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक कुंडी सुटली ती थेट अप्पांच्या गाडीच्या बॉनेटवर. गाडी म्हातारी, पण अप्पांचा तिच्यावर भारी जीव. लेक जन्मल्यावर तिला घरी आणलं ते ह्याच गाडीतून, आणि आता नातीला मागच्या सीटवर बसल्याशिवाय झोप येत नसे. बॉनेटला परातीएवढा खड्डा पडला आणि त्या खड्ड्यात अप्पांना नवा रंग, नवी सीटकव्हरं, नवे टायर असं काय काय दिसू लागलं!

"सर्व्हेअर आला की तू फक्त डोळे पुस. बाकी मी बघतो," त्यांनी बायकोला, म्हणजे काकूंना पढवलं.

"मला नाही बाई जमायचं असलं नाटक!"

जमलं. नको तितकं जमलं! सर्व्हेअरने बॉनेटला हात लावला मात्र, काकूंनी असा हंबरडा फोडला की शेजारच्या वहिनी धावत खाली आल्या.

"अगंबाई! कधी झालं हे?"

"काल सकाळी," काकूंनी हुंदका दिला.

"फार त्रास झाला का हो?"

"छे! एका दणक्यात सगळं संपलं!"

"वयही झालंच होतं म्हणा," वहिनींनी काकूंच्या पाठीवरून हात फिरवला. "अप्पांना ठेवलंय कुठे?"

"मी इथे आहे!" गाडीखालून आवाज आला. सर्व्हेअरला खालचं नुकसान दाखवायला अप्पा आत शिरले होते. वहिनी जी किंचाळत सुटल्या, त्या जिन्यापर्यंत थांबल्या नाहीत!

"इंजिनपण गेलंय?" सर्व्हेअरने विचारलं.

"गेलंय म्हणजे? ब्रेक, गिअर, दिवे... त्या कुंडीने काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही, साहेब!"

"अरेरे! मग दुरुस्तीत अर्थ नाही. गाडी पूर्ण निकामी दाखवतो. तुम्हाला विम्याची रक्कम मिळेल आणि गाडी कंपनी घेऊन जाईल."

"घेऊन जाईल? आणि परत कधी आणून देणार?"

"परत कशी येईल? भंगारात तुकडे होतात तिचे."

अप्पांनी काचेतून आत पाहिलं. मागच्या सीटवर नातीची बाहुली तंगड्या वर करून पडली होती. काकूंचं रडणं आता खरं झालं.

"साहेब, मी गंमत करत होतो हो! गाडी ठणठणीत आहे! बसा, एक चक्कर मारू!" असं म्हणून अप्पांनी सर्व्हेअरला अक्षरशः आत कोंबलं.

गाडी चक्क पहिल्या झटक्यात सुरू झाली. फक्त तिच्याबरोबर हॉर्नही सुरू झाला, आणि तो काही केल्या थांबेना!

"हॉर्न बंद करा!" सर्व्हेअर ओरडला.

"काय?"

"हॉर्न! हॉर्न!"

"हो, आवाज खणखणीत आहे ना?"

कुणी मोठा माणूस चाललाय असं समजून रस्त्यावरची वाहनं पटापट बाजूला झाली. चौकातल्या पोलिसाने तर कडक सलाम ठोकला! अप्पांनीही हात हलवून त्याचा स्वीकार केला. गल्लीला वळसा घालून गाडी दारात आली आणि एक आचका देऊन हॉर्नसकट गप्प झाली.

"म्हणजे... नुकसान... काहीच नाही?" सर्व्हेअरने कानांवरचे हात काढले.

"अजिबात नाही!"

"आणि बॉनेटवरचा खड्डा?"

"तो होय? पक्ष्यांना पाणी ठेवायला बरा पडतो!"

सर्व्हेअरने 'नुकसान नाही' असं लिहिलं. अप्पांनी लढाई जिंकल्याच्या थाटात त्याखाली सही ठोकली. मग सर्व्हेअर उतरण्यासाठी दार उघडायला गेला, तोच आतलं हँडल सुटून त्याच्या हातात आलं. त्याने हँडलकडे पाहिलं. मग अप्पांकडे.

अप्पांनी ते शांतपणे त्याच्या हातातून काढून घेतलं आणि खिशात टाकलं.

"ते असं काढून घरीच न्यायचं असतं, साहेब. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून!"