परशरामअण्णांनी कापलेलं प्रकरण

आमच्या वाचनालयात त्या कादंबरीच्या सहा प्रती होत्या. सहाही प्रतींतलं शेवटचं प्रकरण परशरामअण्णांनी ब्लेडनं कापून नेलं. टरकावून नव्हे हं! पट्टी लावून, शिवणीला धक्का न लावता, न्हाव्यानं कल्ले कोरावेत तसं. कापून झालं की पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळायचं, मुदतीच्या आत माझ्या टेबलावर दोन्ही हातांनी ठेवायचं आणि वर म्हणायचं, "घ्या सायेब. लई चांगलं बुक हाय."

कादंबरीचं नाव मी सांगत नाही. तुम्ही ती वाचलेली आहे, आणि शेवटी रडलेलाही आहात. नवऱ्यानं टाकलेली चंद्रा माहेरच्या मळ्यात येते, दोन वर्षं त्याची वाट बघते, आणि शेवटच्या प्रकरणात मळ्यातल्याच विहिरीत उडी घेते. त्या एका उडीवर लेखक मोठा झाला. आमच्या हुबळीच्या बाजारपेठेत सांगली-कोल्हापूरकडून आलेली व्यापारी घरं पुष्कळ, तिथं तर सासवा-सुना गळ्यात गळे घालून रडल्या. एरवी त्या एकमेकींच्या गळ्याला कशासाठी हात घालतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी त्या वाचनालयाचा ग्रंथपाल. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्या माणसाशी मी आठ-आठ दिवस बोलत नसे. बायको म्हणायची, "पोरांना ताप आला तरी तुमची एवढी तगमग होत नाही." खरं आहे तिचं. पोरांचा ताप उतरतो, फाटलेलं पान परत उगवत नाही.

तर अशा माझ्या नाकाखालून दीड वर्ष ही कापाकापी चालली होती. उघडकीला आली तीही गमतीनं. कमरीपेठेतला एक शिंपी आमचा मेंबर. पुस्तक परत करताना तो म्हणाला, "झकास आहे हो. शेवट गोड केलाय ते बरं झालं."

गोड? मी पुस्तक उघडलं. चंद्रा विहिरीच्या काठावर बसून आभाळाकडे बघते आहे, आणि पुढं थेट मागचा पुठ्ठा. उरलेल्या पाच प्रती काढल्या, पाचांचीही तीच गत. सहाही प्रतींच्या कार्डांवर एक नाव मात्र हटकून होतं, परशराम, मुक्काम अळणावर.

अण्णा महिन्यातून दोनदा बाजाराला हुबळीला येत. पुढच्या खेपेला पिवळा पटका दारात दिसला आणि मी उभाच राहिलो.

"ही पानं तुम्ही कापलीत?"

"व्हय की."

"व्हय की? लाज नाही वाटत?"

"सायेब, पान दोनशे एकतीसपास्नं पुढं बरी सुळ्ळ हाय. सुळ्ळ कशाला ठेवायची?"

'बरी सुळ्ळ' हे त्यांचं पालुपद. कानडीत त्याचा अर्थ निव्वळ खोटं. आमच्या भागात माणूस मराठीत बोलतो आणि चिडला की कानडीत शिरतो, त्यातलंच हे. अण्णांनी खिशातून चष्मा काढला, माझ्याच टेबलावरची माझीच प्रत उघडली आणि बोट नाचवायला सुरुवात केली.

"पान चौदा. तांबडी गाय लिवलीया. गाय कुठली? म्हस हुती, आणि ती बी मारकी. पान बावन्न. अंगणात पारिजातक. बरी सुळ्ळ! शेवगा हुता. शेवग्याच्या शेंगांची आमटी खाऊन गडी लिवत बसायचा आणि झाड लावलं पारिजातकाचं!"

"तुम्हाला काय ठाऊक?"

"घर माझं हाय न्हवं?"

खरंच होतं ते. अळणावरपासून कोस-दीड कोसावर अण्णांच्या पणज्यानं बांधलेलं दगडी घर, भोवती भाताची खाचरं आणि मळा. लेखक तेव्हा लाकडाच्या वखारीत कारकून होता आणि घराची पुढची खोली भाड्यानं घेऊन राहत होता. तिथंच त्याला ही कादंबरी सुचली. आता पार पुण्याहून लोक ते घर बघायला येत, दाराच्या चौकटीला हात लावून डोळे मिटत.

"मग पारिजातक खोडायचा होतात!" मी ओरडलो. "अख्खं प्रकरण कशाला कापलंत?"

एवढा वेळ तोंडाचा पट्टा सोडलेला माणूस चष्मा काढून खिशात घालू लागला. "तेवढं ऱ्हाऊ द्या सायेब," म्हणाला.

मी त्यांचं नाव रजिस्टरातून खोडलं. तुमच्या हातात पुस्तक म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असंही चार मेंबरांसमोर सुनावलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, पटका नीट केला आणि जाता जाता म्हणाले, "एकदा घर बघायला या. खरं घर."

गेलो. वीसेक मेंबर, त्यांच्या बायका, माझी बायको, आणि धारवाडला गाडीत चढलेले सप्तापूरचे एक प्राध्यापक. लोंढ्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये चिवड्याचे डबे फिरत होते आणि बायका चंद्राच्या आठवणी काढत होत्या, जणू परवाच लग्नात भेटली होती. माझ्या पिशवीत कादंबरीची सातवी, कोरी प्रत होती. सगळे घर बघायला चालले होते, मी उट्टं काढायला चाललो होतो. आज कबूल करायला काय जातंय?

अण्णा फाटकात उभे होते. "या, या. आलासा! दोनच नियम हाइत. चपला भाईर. आणि शेवटच्या प्रकरणाचं नाव घरात काढायचं न्हाई."

लोक हसले. मग घर दाखवणं सुरू झालं. असा वाटाड्या मी जन्मात पाहिला नाही. इतर लोक नसलेलं आहे म्हणून दाखवतात, हा गृहस्थ असलेलं नाही म्हणून दाखवत होता. "ही खिडकी. पान एकोणतीस. चंद्राला हितनं आगगाडी दिसायची म्हणं. वाकून बघा, बाई. दिसली का? गोठा दिसतोय न्हवं?" माडीवर चंद्रा दिवा लावून बसायची, तर घराला माडीच नव्हती. माझी बायको माझ्या कानाशी लागली, "ह्या बाबानं सगळ्या कादंबरीवर पाणी ओतलं!"

विहिरीपाशी मात्र बायकांनी त्यांचं ऐकलं नाही. सगळ्यांनी येताना खण-नारळ आणले होते. तिथं येणारी प्रत्येक बाई विहिरीला हळदीकुंकू लावी आणि ओटी भरी, चंद्राची म्हणून. जिला नवऱ्यानं सुखानं कुंकू लावू दिलं नाही तिची मेल्यावर तरी ओटी भरावी, असा तो रिवाज पडला होता. अण्णा पाठ करून उभे राहिले.

प्राध्यापक काठापाशी गेले. "शेवटचं प्रकरण इथंच वाचलं पाहिजे," ते म्हणाले.

"नगं," अण्णा म्हणाले. "पाया पडतो. नगं."

मी पिशवीतून प्रत काढली. "नियम घरातला होता ना, अण्णा? ही विहीर घराबाहेर आहे."

ते माझ्या अंगावर आले. दोघा धिप्पाड मेंबरांनी हसत हसत त्यांचे दंड धरले. थट्टाच वाटली सगळ्यांना. मी शेवटची चार पानं वाचली. माझा आवाज चांगला आहे, आणि त्या दिवशी तर तो फारच चांगला लागला. चंद्रा काठावर चढली, तिनं एकदा घराकडे बघितलं, आणि इकडे बायकांचे पदर डोळ्यांना गेले. वाचता वाचता मी अण्णांकडे बघत होतो. कोंबडं मानेला धरल्यावर गप्प होतं, तसे ते गप्प झाले होते. मला बरं वाटलं.

"कोण गेलं हो? एवढ्या रडतायसा?"

मागं एक बाई उभी होती. पन्नाशीची, कासोटा घातलेली, पायाला चिखल. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात कपांची परडी.

माझ्या बायकोनं नाक पुसलं. "चंद्रा गेली हो. विहिरीत उडी घेतली तिनं."

"कवा?" ती बाई म्हणाली. "मी तर हितंच हाय."

ती हसली. "बुकातली चंद्री म्हणतायसा व्हय? ती कशाला मरंल? ती मास्तरीण बनती. बेळगावला जाती, शाळंत लागती. आमचा अण्णा दर दिवाळीला वाचून दावतोय की मला."

ही अण्णांची धाकटी बहीण. नवऱ्यानं टाकलेली, चंद्राक्का. घरात दिवसभर मराठी बोलणारी, पण चार इयत्ता शिकली त्या कानडी शाळेत. मराठी अक्षर तिला वाचता येत नव्हतं. आपल्यावरची कादंबरी ती भावाच्या तोंडून ऐकत आली होती, आणि पान दोनशे एकतीसच्या पुढं अण्णा मनानंच रचून वाचत आले होते. हुबळीतले सोयरे घरी येतात, त्यांच्या तोंडून तिला काही कळू नये म्हणून आमच्या प्रतींना ब्लेड लागलं होतं. पाहुणे आले की तिला लांबच्या खाचरात कामाला धाडायचं, हीही त्यांचीच युक्ती. त्या दिवशी एवढी माणसं बघून चहा करायला ती आपणहून परत आली.

तिनं माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. "सायेब, तुमच्या बुकात काय लिवलंय?"

अण्णांचे दंड आता सुटले होते. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. एक वाक्य पुरलं असतं. ही जुनी आवृत्ती आहे अक्का, पुढं लेखकानं शेवट बदलला. तिथला एकही माणूस मला खोटं पाडता ना. पण सुंभ जळला तरी पीळ कुठला जातो? एकवीस वर्षं ग्रंथपाल होतो मी!

"मी वाचलं तेच लिहिलंय," मी म्हणालो.

चंद्राक्कानं किटली काठावर ठेवली. तिथल्या खण-नारळांकडे ती बघत राहिली. "तर मग ह्या वट्या, अण्णा? गंगेच्या म्हणून सांगत हुतास. ह्या माझ्या व्हय?"

आमच्या बायका पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

"टाकलेली म्हणून बावीस वर्सांत कुणी हळदीकुंकवाला बोलावलं न्हाई," ती म्हणाली. आवाजात राग असता तर सोसलं असतं. "च्या घ्या. निवतोय."

मंडळी चहा पिऊन घाईघाईनं आंब्याखाली डबे सोडायला गेली. एकीलाही वाटलं नाही की एक खण उचलून तिच्या ओटीत घालावा. मलाही नाही सुचलं, मी काय शहाणा लागून गेलोय?

मी अण्णांशेजारी जाऊन बसलो. "मला ठाऊक नव्हतं, अण्णा."

"ठाऊक असतं तर वाचला नसतासा?"

मी पुस्तक पिशवीत घातलं.

"ती खरंच आली हुती हितं," ते विहिरीकडे न बघता बोलले. "नवऱ्याचं दुसरं लगीन झाल्याचं कळलं त्या दिशी. मी बाजारला जाणार हुतो, बैलाचा पाय सुजला म्हणून ऱ्हायलो. वढून काढली तिला. मग म्हैनाभर ह्या काठावर निजलो. मी बाजारला गेलो असतो तर काय झालं असतं, तेवढं त्या लिवणाऱ्यानं लिवलं. आणि लोकांस्नी तेच ग्वाड लागलं. आता तिला कळलं न्हवं, मेलेल्या चंद्रीसाठी सगळा मुलूख रडतोय म्हणून? तिला वाटंल, अण्णानं उगंच वढून काढली मला."

एवढंच भय होतं त्या माणसाला. त्यापायी त्यानं लग्न केलं नाही, मळा सोडून एक रात्र कुठं राहिला नाही, आणि माझ्याकडून चार माणसांत माकड म्हणवून घेतलं.

आतून हाक आली, "अण्णा, सायबांस्नी घिऊन ये जेवायला."

नको म्हणायला तोंड नव्हतं. आम्ही दोघं पाटावर बसलो. चंद्राक्कानं वाढलं, स्वतः चुलीपाशी भाकरी थापायला बसली. एक भाकरी तव्यावर पडली. मग तिनं विचारलं, "सायेब, त्या बुकात आमच्या अण्णाचं काय लिवलंय?"

मी ती कादंबरी पंधरा वेळा तरी वाचली असेन. चंद्राला म्हातारा बाप आहे, मोलकरीण आहे, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा आहे. मी शेजारी बघितलं. झाडाझुडपांसाठी माझ्याशी भांडलेल्या ह्या माणसानं ही गोष्ट कधी तोंडातून काढली नव्हती.

आता तरी खोटं बोलावं असं फार वाटलं. पण ही मला तोंडावरून ओळखेल असंही वाटलं.

"भाऊ नाहीये त्यात," मी म्हणालो. "कादंबरीतल्या चंद्राला भाऊच नाही."

तिचा हात परातीत थांबला.

"भाऊच न्हाई?" ती म्हणाली. "आगं बाई! मग मरंल न्हाईतर काय करंल बिचारी!"

आणि तिनं तव्यावरची भाकरी काढून अण्णांच्या ताटात टाकली. अण्णांनी मान वर केली नाही. भाकरी मोडायला त्यांना फार वेळ लागत होता.