यानातली बेशुद्ध बाई

"तुमच्या यानात बाई एकच, म्हणे शास्त्रज्ञ. अख्ख्या कादंबरीत ती किंचाळते, बेशुद्ध पडते, नाहीतर कप्तानाकडे टक लावून बघते," प्रकाशक बाई म्हणाल्या. "शोध कधी लावते?"

विमा कचेरीतल्या हेडक्लार्कांचा चेहरा उतरला. पहिलीच विज्ञानकादंबरी, आणि कचेरीभर तिचा गवगवा करून झालेला. ती साभार परत आली असती, तर तोंड दाखवायची सोय उरली नसती.

नवी बाई लिहायची म्हणजे आधी बाईचा विचार करायला हवा. एवढा खटाटोप कोण करणार? त्यांनी शास्त्रज्ञाला पुरुष करून टाकलं आणि कप्तानाला बाई. बाकी प्रसंग होते तसेच. टायपिंगला बायको होतीच. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून आली की ती मुकाट्याने टाइप करायला बसे.

"असा हळवा पुरुष कुणी रंगवलाच नव्हता हो!" प्रकाशक बाई खूश झाल्या. पुस्तक निघालं. समारंभात एका वाचक मुलीने विचारलं, "तो घाबरट शास्त्रज्ञ कुणावरून घेतलात?"

"तसा... मनातूनच."

"मनातून कशाला? घरातूनच!" पहिल्या रांगेतून सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "पाल दिसली की आमचे जावईबापू अस्से किंचाळतात!"

सभागृह हसलं, कचेरीतले साहेब सगळ्यांत मोठ्याने. उद्यापासून कचेरीत आपलं काय होणार, हे हेडक्लार्कांना लख्ख दिसलं आणि त्यांचा तोल सुटला.

"अहो, तो मी नव्हे! तो आधी बाई होता!"

हशा थांबला. "अच्छा," मुलगी म्हणाली, "मग ती बाई कोण?"

साऱ्या माना बायकोकडे वळल्या. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली आणि खाली बघितलं. हेडक्लार्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कादंबरीतली ती बाई कुणावरूनच घेतलेली नव्हती. घरात विज्ञान शिकवणारी खरीखुरी बाई असताना त्यांनी तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं, याची त्यांना आत्ता, भर सभेत लाज वाटली.

घरी परतताना त्यांनी चाचरत विचारलं, "अगं, सगळं तूच टाइप केलंस. एकदा तरी बोलायचंस."

"बोलले होते की. बाई खोटी वाटते म्हटलं, यानाच्या वेगाचं गणितही चुकलंय म्हटलं."

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, 'तुला विज्ञानातलं काय कळतंय?'"

घर येईपर्यंत हेडक्लार्क तिच्या मागून चालत राहिले.