आधी तुम्ही ठेवा

फोनसमोर तिसऱ्यांदा कमरेत वाकून मोतोहाशी तसेच उभे राहिले. फोन आधी आपण ठेवायचा नाही, समोरच्याने ठेवला की मग आपण. आईने लावलेलं हे वळण अठ्ठावन्नाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण मात्र आपणच संपवायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एकेकाळी ते राष्ट्रीय संघाकडून फुटबॉल खेळले होते. एकच सामना, त्यातली शेवटची चार मिनिटं, आणि तेवढ्यात चेंडू काही त्यांच्याकडे आला नाही. आता शिमिझूत ते मुलांना खेळ शिकवत. मुलं उरली होती तीन. शनिवारपर्यंत दहा नावं झाली नाहीत, तर पालिका मैदान काढून घेणार होती. मग सकाळी उठायचं तरी कशाला, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. म्हणून हा खटाटोप. 'खेळायला या' हे आवाहन दोन मिनिटांत आटोपलं, पण निरोप काही आटपेना.

त्यांची बायको सात्सुए बाजारातून आली.

"अहो, कोणासमोर एवढं वाकताय?"

"तेवीस जण आहेत. ते ठेवेनात, मग मी कसा ठेवू?"

तिने चष्मा लावून पडद्यावरचे संदेश वाचले. "ते म्हणतायत, आधी तुम्ही ठेवा. मोठ्या माणसाआधी आम्ही कसं जायचं?"

"छे छे, आधी तुम्ही," मोतोहाशी फोनला म्हणाले आणि पुन्हा वाकले.

"मी करू का बंद?"

"खबरदार. तोंडावर दार लावल्यासारखं होईल ते."

तेविसांनी हा प्रकार आपापल्या सोयऱ्यांना कळवला. जेवणाच्या वेळेला चारशे झाले, दुपारी नऊ हजार. आलेला हलेना. हामामात्सूच्या एका आजींनी लिहिलं, "कंबर दुखेल हो, बसा तरी." मोतोहाशींनी आज्ञा मानली, गुडघे टेकून कपाळ चटईला लावलं. पडद्यावर उरली नुसती भिंत. म्हातारा कोसळला, अशी एकच हाकाटी झाली आणि दहा मिनिटांत बंबवाले दारात हजर. फोन चालू आहे हे दिसताच त्यांनी शिरस्त्राणं काढली आणि तेही रांगेत वाकून उभे राहिले. शेवटी बॅटरीच संपली, म्हणून सगळे सुटले.

शनिवारी मैदानावर नेहमीची तीन मुलं होती आणि एक्केचाळीस नवी माणसं. नव्यांत साठीच्या आतलं एकही नव्हतं.

पालिकेचे नुमाता कागद घेऊन आले होते. "मोतोहाशीसाहेब, यात मुलं कुठायत?"

"नियमात काय लिहिलंय?" सात्सुएने विचारलं.

नुमातांनी कागद दोनदा वाचला. "दहा विद्यार्थी. वय... वय लिहिलेलं नाही." त्यांनी खिशातून शिक्का काढला.

मोतोहाशी नव्या विद्यार्थ्यांपुढे कमरेत वाकले. मग ते म्हणाले, "पहिल्या दिवशी सावकाश चालू या. आपली वयं झाली."

हामामात्सूच्या आजी एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी बुटाची नाडी आवळली आणि समोरच्या चेंडूला अशी लाथ घातली, की तो थेट कुंपणापाशी गेला.

"आपली नव्हे, आमची. तुम्ही आमच्यापुढे पोरच की, मास्तर. पळा, चेंडू आणा."

आणि मोतोहाशी पळाले.